पाणी आंबट नव्हते, मग भोक पाडले कोणी?



गळीत हंगाम ऐन भरात असावा, वाहनतळावर नंबर लागलेले असावेत आणि अशात एखादा ट्रॅक्टर वाफा सोडत उभा राहावा, म्हणजे तिथे पंचायत भरायला वेळ लागत नाही. मागच्या हंगामात ही पंचायत आमच्याच ट्रॅक्टरभोवती भरली. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, गव्हाणीपर्यंत अजून तीस-चाळीस वाहने, आणि रेडिएटरखाली पाण्याचे थारोळे. ड्रायव्हर वरून कॅनने पाणी ओतत होता आणि खालून ते निवांत वाहून जात होते. शेवटी दुसरा ट्रॅक्टर लावून ट्रॉल्या काट्यावर नेल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने रेडिएटर उतरवला. भोके दोनच होती, टाचणीच्या टोकाएवढी. आजूबाजूची नळी साफ, चकचकीत. भोकाभोवती मात्र तांदळाच्या पिठासारखी पांढरी खपली.

पंचायतीत दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "माल हलका यायला लागलाय. पूर्वीचे पितळी रेडिएटर वीस-वीस वर्षं जायचे." दुसरा म्हणाला, "माल नाही हो, यांच्या बोअरचं पाणी आंबट असणार. आंबट पाण्यानंच ॲल्युमिनियम खातं." दुसरे म्हणणे पुष्कळांना पटले. कोणीतरी उत्साहाने बाटलीत पाणी भरून कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेले. केमिस्टने सामू मोजला. साडेसात! म्हणजे आंबट तर नाहीच, उलट किंचित दुसऱ्या बाजूला झुकलेले. बाटली परत आली आणि पंचायत पांगली. पाणी चांगले ठरले, माल हलका ठरला, विषय मिटला.

आमच्या मते तो मिटू नये. कारण हीच चूक आपण दुधाच्या कॅनबाबत करतो, भांड्यांबाबत करतो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा रेडिएटरबाबत करणार आहोत. आंबटपणाने ॲल्युमिनियमला भोक पडते हे खरे आहे. पण तो आंबटपणा बाटलीतल्या पाण्यात शोधून सापडत नाही. तो भोकाच्या आत तयार होतो, आणि भोक स्वतःच तो तयार करते.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून आधी आपण स्वयंपाकघरात जाऊ. आपल्याकडे ज्याला अजूनही जर्मनचे भांडे म्हणतात, ते ॲल्युमिनियमचेच. त्यात चिंचेचा सार उकळला की काळवंडलेले भांडे आतून उजळते, हे प्रत्येक घरच्या माउलीला ठाऊक आहे. चिंचेचे आम्ल भांड्याची वरची कातडी सारखी खरवडते. धातू थोडा झिजतो, पण सगळीकडे सारखा. आता तेच झाकण लोणच्याच्या बरणीवर वर्षभर ठेवून पाहा. लोणचेही आंबटच, पण त्यात मीठ भरपूर. झाकण उजळत नाही, त्याला खालून फोड येतात आणि एक दिवस उजेडाला धरले तर चाळणीसारखे दिसते. नुसत्या आंबटाने धातू झिजतो. मीठ आले की तो टोचला जातो. आमच्या आजीला रसायनशास्त्र येत नव्हते, पण जर्मनच्या डब्यात लोणचे आणि ताक ठेवायला तिने कधी परवानगी दिली नाही. पितळेत ताक कळकते, जर्मनला भोके पडतात, एवढा तिचा अभ्यास होता आणि तो बरोबर होता.

ॲल्युमिनियम ही मुळात फार तापट धातू. हवेतला प्राणवायू लागताक्षणी ती त्याच्याशी संयोग पावते. पण त्यातून तिच्या अंगावर एक साय धरते, आणि ही सायच तिला वाचवते. सायीची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा धरते. लोखंडाचा तांबडा गंज भुसभुशीत, सुटून पडणारा. ही साय घट्ट, चिकटून बसणारी. म्हणून लोखंडी पाटी गंजून जाते आणि ॲल्युमिनियमचा डबा वर्षानुवर्षे टिकतो.

ही साय कुठे टिकते आणि कुठे विरघळते याचा नकाशाच बेल्जियमचे शास्त्रज्ञ मार्सेल पुर्बे यांनी तयार केला. निरनिराळ्या धातूंचे असे नकाशे एकत्र करून त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये फ्रेंचमध्ये निघाला. ॲल्युमिनियमपुरता त्याचा मथितार्थ असा की सामू साधारण ४ ते ९ च्या दरम्यान असेल तर साय टिकते. त्याखाली आम्लात विरघळते आणि त्यावर अल्कलीतही विरघळते. बरेचजण ही दुसरी बाजू विसरतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला तर फसफसून येतो, तो यामुळेच. दुधाचे कॅन कॉस्टिक किंवा धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्याने घासून "लख्ख" करणाऱ्या आमच्या भगिनींनी याची नोंद घ्यावी. लख्ख होतो तो कॅन नव्हे, कॅनचा एक थर गटारात जातो.

बोअरचे पाणी साडेसात. म्हणजे नकाशाप्रमाणे अगदी सुरक्षित. मग भोक कसे?

इथे मीठ येते. मीठ म्हणजे फक्त खाण्याचे नव्हे. ज्यात क्लोराइड आहे ते सगळे. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे उसाला अतोनात पाणी देऊन ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी चाखून पाहिले तरी कळते. आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो, त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडच असतो. हे क्लोराइड ॲल्युमिनियमच्या सायीतली कच्ची जागा हेरते. धातूत दुसऱ्या धातूचा कण अडकलेला असतो, जोडाला फट असते, कुठे चिखल चिकटून राहिलेला असतो. तिथे साय फुटते. बाकी सगळीकडे साय शाबूत, एवढ्याशा ठिकाणी धातू उघडा.

यापुढची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. उघड्या जागेचा धातू पाण्यात उतरतो. उतरलेले ॲल्युमिनियम एकटे राहत नाही, ते पाण्यालाच फोडते. पाण्याच्या कणाचा अल्कलीकडचा भाग ते आपल्याकडे ओढून घेते आणि त्याचा पांढरा गाळ होतो. आम्लाकडचा भाग मागे उरतो. खड्ड्यात असा आंबटपणा साठू लागला की समतोल राखायला बाहेरचे क्लोराइड आत ओढले जाते. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले म्हणजे काय झाले? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लच तयार झाले. त्यात साय पुन्हा धरू शकत नाही. म्हणून आणखी धातू उतरतो, आणखी पाणी फुटते, आणखी आम्ल होते. आणि तो पांढरा गाळ खड्ड्याच्या तोंडावर खपली धरून बसतो, बरणीला झाकण लावावे तसा. बाहेरून कितीही स्वच्छ पाणी वाहो, आतले आम्ल धुऊन जात नाही.

खड्ड्याला एवढी ताकद कुठून येते, असाही प्रश्न एका सभासदाने आम्हाला केला. बॅटरीच्या सेलला जसे दोन ध्रुव, तसेच इथे. बाहेरचा सगळा शाबूत पृष्ठभाग पाण्यातला प्राणवायू वापरून एका ध्रुवाचे काम करतो आणि टाचणीएवढा खड्डा दुसऱ्या ध्रुवाचे. शंभर माणसांचे जेवण एकाच चुलीवर रांधायचे म्हटले तर चुलीचे काय होईल? तसे त्या खड्ड्याचे होते. म्हणून वजनाने पाहावे तर धातू गुंजभरही गेलेला नसतो, आणि रेडिएटर मात्र निकामी.

आतला हा आंबटपणा कुणी मोजला आहे का? मोजला आहे, आणि मोठ्या युक्तीने. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या बी. एफ. ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. मिठाच्या पाण्यात ताण देऊन चिरा पडलेल्या धातूच्या पट्ट्या त्यांनी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवल्या. चिरेतला थेंब जागच्या जागी बर्फ झाला. मग पट्टी मोडून चीर उघडली आणि आतल्या द्रवाचा सामू तपासला. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत तो साडेतीनच्या आसपास निघाला. चिरेत जे घडते तेच खड्ड्यात घडते. सामूचा एक आकडा खाली म्हणजे आंबटपणा दहापट, हे माती परीक्षणाच्या शिबिरात आपण ऐकले आहे. आमच्या बोअरचे पाणी साडेसात आणि असल्या खड्ड्यातले साडेतीन धरले, तर दोघांत दहा हजार पटींचा फरक झाला! आपल्या मिलमधून निघणारा उसाचा रससुद्धा सव्वापाच-साडेपाचाच्या खाली सहसा जात नाही, आणि तेवढ्यानेही साखरेचे नुकसान होऊ नये म्हणून केमिस्ट मंडळी चुन्याची निवळी घेऊन तयार असतात.

आता प्रयोगशाळेतल्या त्या बाटलीकडे परत पाहा. आपण रेडिएटरच्या बाहेरचे पाणी तपासले, आणि भोक पाडणारे पाणी खपलीखाली थेंबभर दडून होते. चार ते नऊ या टप्प्यात बाहेरच्या पाण्याचा सामू थोडा वर-खाली झाला तर खड्डे सुरू होण्यात फारसा फरक पडत नाही, असेच प्रयोगांत वारंवार दिसले आहे. फरक पडतो तो क्लोराइडने, तांब्याने आणि पाणी साचून राहण्याने. तरी आपला हिशेब कशावर? फक्त सामूवर!

नुसत्या आंबटपणावर जायचे नाही याला आणखी एक दाखला देतो. तीव्र नायट्रिक आम्ल, ज्याचा थेंब हातावर पडला तर कातडी पिवळी पडून जळते, ते ॲल्युमिनियमच्या टाक्यांत साठवतात. ते आम्ल सायीला उलट बळकट करते. आणि हायड्रोक्लोरिक, जे आपण ठिबकच्या नळ्या साफ करायला आणतो, ते ॲल्युमिनियमला पाहता पाहता खाते. आंबट दोन्ही, पण एकाच्या जोडीला क्लोराइड आहे.

ठिबकचा विषय निघाला तेव्हा आता आमची चूक कबूल करायला हवी. पंचायतीत ती आम्ही सांगितली नव्हती. हंगामापूर्वी रेडिएटरमध्ये क्षार धरले म्हणून गाडी तापते, असे ड्रायव्हर म्हणाला. ठिबकच्या ॲसिड ट्रीटमेंटचे आम्ल घरात उरलेले होते. "पितळीला आम्ही असंच करायचो, मालक," तो म्हणाला. आम्हीही म्हटले, कर. पाण्यात घालून, अर्धा तास ठेवून, दोनदा धुऊन काढले. क्षार गेले, गाडी थंड चालू लागली, आम्ही खूश. पण जुना रेडिएटर पितळ-तांब्याचा होता आणि हा ॲल्युमिनियमचा. नळ्या जिथे डोक्याला जोडलेल्या असतात, त्या फटींतून आम्लाचे क्लोराइड दोन पाण्यांनी निघत नाही. त्यावर पुन्हा खारे बोअरचे पाणी भरले. नळीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. माल हलका होता का, याची चर्चा करण्याचा हक्क आम्ही तिथेच घालवला होता.

आणि जुना पितळी रेडिएटर जसा कुणीही गावातला कारागीर डाग देऊन झाळून देत असे, तसा हा झाळता येत नाही. कथलाचा डाग त्या सायीवर धरतच नाही. भोक म्हणजे बहुधा नवा रेडिएटर.

तांब्याविषयीही सांगितले पाहिजे. पाण्यात विरघळलेले तांबे दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असले तरी ॲल्युमिनियमला बाधते. ते कणाकणाने ॲल्युमिनियमवर बसते आणि प्रत्येक कण खड्ड्याला जोर देणारा ध्रुव होतो. म्हणून जुन्या तांब्याच्या नळीतून किंवा पितळी तोटीतून रात्रभर साचलेले पहिले पाणी ॲल्युमिनियमच्या वस्तूत भरू नये. मोरचुदाचे बोर्डो मिश्रण ज्यांनी एकदा जर्मनच्या घमेल्यात कालवले, त्यांना पुन्हा सांगायची गरज नाही. घमेले तांबूस होते आणि दोन दिवसांत गळू लागते. भंगार वितळवून ओतलेली स्वस्त भांडी आणि सुटे भाग यांचेही तेच. भंगारात इंजिनांचे तुकडे असतात, त्यातले तांबे आणि लोखंड सगळ्या ओतीत मिसळते. धातू दिसायला तोच, पण आतून कच्च्या जागांनी भरलेला. याउलट मँगनीज किंवा मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम पाण्याला बरेच चांगले टिकते. तांबे मिसळले की ताकद मात्र वाढते. आल्फ्रेड विल्म या जर्मन माणसाने १९०६ मध्ये ते शोधले आणि त्यावर विमाने उडाली. पण त्याच तांब्यामुळे भोके पडू लागली, तेव्हा विमानाच्या पत्र्याला दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ कातडी चढवावी लागली.

दुधाच्या कॅनबद्दल थोडक्यात. कॅन विकत घेताना आपण किंमत पाहतो आणि हलका असेल तर उचलायला बरा म्हणून तोच घेतो. कॅनडातील एच. पी. गोडार्ड यांनी १९६० मध्ये नैसर्गिक पाण्यातील ॲल्युमिनियमचा अभ्यास करून असा हिशेब मांडला की खड्ड्याची खोली काळाच्या घनमुळाप्रमाणे वाढते. घनमूळ म्हटले की शाळा आठवून अंगावर काटा येतो, म्हणून सोपे करून सांगतो. पहिल्या वर्षात खड्डा जेवढा खोल गेला, त्याच्या दुप्पट खोल जायला आठ वर्षे लागतात, तिप्पट जायला सत्तावीस. म्हणजे पत्रा दुप्पट जाड असेल तर आयुष्य आठपट. पाच-दहा टक्के पैसे वाचवायला पातळ कॅन घेणे हा किती महागडा व्यवहार आहे ते यावरून कळेल. आणि पहिले वर्ष सर्वांत घातक असते, तेव्हाच जपायचे. कॅन धुऊन उपडा, हवेशीर ठेवला आणि कोरडा झाला तर खड्डा जागच्या जागी थांबतो, कारण पाण्यावाचून ती बॅटरी चालत नाही. झाकण लावून, तळाला वाटीभर पाणी ठेवून बाजूला सारला तर तो रात्रभर चालू राहतो. कडेच्या दुमडीत, तळाच्या कोपऱ्यात पाहिलेत तर खड्डे तिथेच सापडतील. हा हिशेब थंड पाण्याचा आहे, हेही लक्षात ठेवावे. रेडिएटरचे उकळत्याला आलेले खारे पाणी इतकी सवड देत नाही.

आता आमची मागणी.

आपल्या कारखान्यात बॉयलरसाठी रोज क्षारमुक्त पाणी तयार होते. बॉयलरच्या नळ्यांत मीठ चालत नाही, हे कारखान्याला पूर्ण ठाऊक आहे. त्यासाठी मोठे यंत्र बसवले आहे, माणसे ठेवली आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, त्या पाण्याची एक तोटी वाहनतळावर काढावी, आणि जे सभासद व वाहतूकदार ऊस वाहतात त्यांना रेडिएटरपुरते पाणी लागत मूल्याने द्यावे. एका ट्रॅक्टरला दहा-पंधरा लिटर. सोबत भांडारातून इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट मिळावे. नुसते क्षारमुक्त पाणी पुरे नाही, कारण इंजिनात बीड आहे, पितळ आहे, ॲल्युमिनियम आहे, आणि या सगळ्यांना सांभाळणारी औषधे कूलंटमध्ये असतात.

यावर काय बोलले जाईल ते आम्हाला माहीत आहे. पहिला आक्षेप, ट्रॅक्टर खासगी, मग खर्च सहकाराचा का? उत्तर असे की ट्रॅक्टर खासगी असला तरी त्यामागचा ऊस आपल्या सर्वांचा आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे शेतकी विभाग कानीकपाळी ओरडून सांगतो. ऊस वाळला की वजन घटते ते सभासदाचे आणि उतारा घटतो तो कारखान्याचा. दुसरा आक्षेप वार्षिक सभेत हमखास येईल: "आधी उसाच्या दराचं बोला, मग रेडिएटरचं!" दराचा प्रश्न मोठा आहे, त्यावर आम्ही याच पानांत लिहिले आहे आणि पुढेही लिहू. पण दर टनावर मिळतो, आणि टन वाटेत वाळत पडले तर दर कितीही असो.

तिसरा आक्षेप आम्हाला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो प्रामाणिक माणसाकडून येईल. तोटी बसल्यावर कोणीतरी ते पाणी तपासेल. क्षारमुक्त पाणी हवेत ठेवले की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याचा सामू साडेपाचाच्या आसपास उतरतो. मग तळावर ओरड होईल की, "कारखाना आंबट पाणी देतोय! आमच्या बोअरचं साडेसात आहे!" बंधूंनो, त्या साडेपाचात दम नाही. इतका थोडा आंबटपणा की कूलंट घालताच नाहीसा होतो, आणि त्यात क्लोराइड जवळजवळ शून्य. साडेसातच्या पाण्यात मात्र मीठ आहे. मागच्या हंगामातल्या कसोटीने चांगले पाणी नापास झाले असते आणि भोक पाडणारे पास झाले होते.

म्हणून पाणी तपासायला द्याल तेव्हा अहवालात सामूच्या रकान्यावर थांबू नका. खाली क्लोराइडचा रकाना असतो, तो वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड पसंत धरले आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतले आहे. जड इंजिने बनवणारे काही कारखानदार रेडिएटरच्या पाण्यात ४० च्या आत मागतात. जे पाणी माणूस बिनतक्रार पितो ते रेडिएटरला चालेलच असे नाही.

सामूला काहीच किंमत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कूलंट जुने झाले की त्यातला ग्लायकॉल उष्णतेने हळूहळू आम्लात बदलतो आणि संरक्षण करणारी औषधे संपतात. भरलेल्या कूलंटचा सामू सातच्या खाली गेला की ते बदलावे. इथे कागदाची पट्टी कामाची आहे. बॉयलरचे काढून टाकलेले पाणी गरम आणि फुकट मिळते म्हणून कोणी नेऊ नये. ते अल्कधर्मी असते, आणि अल्कलीचे काय होते ते वर आलेच आहे. काढलेले कूलंट बांधावर किंवा हौदाजवळ ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, जनावर चाटते आणि हातचे जाते. आणि ठिबकचे आम्ल ठिबकलाच वापरावे.

कारखान्याने ही तोटी द्यावी असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेकडे पाठवत आहोत. सूचक आम्ही आहोत, अनुमोदक हवा आहे. आमचा तो रेडिएटर मिस्त्रीकडून परत आणून त्याच्या दोन नळ्या उभ्या कापल्या आहेत. काट्याशेजारच्या खोलीत टेबलावर ठेवल्या आहेत, शेजारी एक भिंगही आहे. वजनाची पावती होईपर्यंत पाच मिनिटे मिळतातच. एका खड्ड्यावरची खपली आम्ही तशीच राखली आहे, तेवढी कोणी नखाने काढू नये.